हजार तास कोरलेली फुलदाणी: हे खरंच एका बाईंचं काम?

मातीवेडी: हस्तकलेला महत्त्व देणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीबद्दल वाचताना ॲडलेड ऑल्सप रोबिनो हे नाव सापडलं. त्यांच्या १९१० च्या 'स्कॅरब व्हेज' या फुलदाणीला म्हणे १,००० तास लागले. उंची जेमतेम ४२ सेंटिमीटर! यात वाळवण्याचे, भट्टीचे तासही धरलेत का?

पानवाचक: नाही, नुसत्या कोरण्याचेच. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या युनिव्हर्सिटी सिटीत असताना केलीय ती. बाई १८९९ पासून सिरॅक्यूजहून निघणाऱ्या 'केरॅमिक स्टुडिओ' मासिकाच्या संपादक. आधी चिनीमातीच्या तयार भांड्यांवर रंगकाम करायच्या, स्वतःची भांडी नंतर घडवायला लागल्या.

चाकावरची: मी पोर्सेलिनची, म्हणजे बारीक पांढऱ्या चिनीमातीची भांडी करते, म्हणून मला १,००० तास अजिबात जास्त वाटत नाहीत. कोरायचं ते भाजण्याआधी, वाळलेल्या कच्च्या मातीवर. खडू कोरून बघा, साधारण तसंच. माझ्या एका वाटीला तीन संध्याकाळी जाळी कोरत होते. शेवटी धूळ पुसायला ओला ब्रश फिरवला आणि काठच हातात आला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फुलदाणी भट्टीतून निघाली तेव्हा तळाशी तडे होते. युनिव्हर्सिटी सिटीतच तक्सील दोआ हे नावाजलेले फ्रेंच कारागीर होते. त्यांच्या लेखांचं भाषांतर बाईंच्या नवऱ्यानेच करून मासिकात छापलं होतं. दोआ म्हणाले, लांबी (पुट्टी) भरा आणि वर रंग द्या. एवढ्या मोठ्या माणसाचं बाईंनी ऐकलं नाही! पोर्सेलिनची पूड तड्यांत भरली, परत ग्लेझ (काचेसारखा लेप) दिलं आणि अख्खी फुलदाणी पुन्हा भट्टीत घातली. माझं धाडस झालं नसतं. तडे बुजले, १९११ साली इटलीतल्या तुरीनच्या प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च बक्षीसही मिळालं. आता ती सिरॅक्यूजच्या एव्हरसन म्युझियममध्ये आहे.

मातीवेडी: बाप रे. पण एवढे कष्ट, आणि नक्षी स्कॅरबची, म्हणजे शेणकिड्याची?

चाकावरची: अहो, फुलदाणीचं दुसरं नाव बघा की, 'अपोथिओसिस ऑफ द टॉयलर', म्हणजे राबणाऱ्याचा गौरव. गोळा ढकलत राहणारा किडाच हवा ना तिथे!

पानवाचक: आणि तुमच्या वाटीचं काय केलंत?

चाकावरची: तुकडे बादलीत भिजत घातले. कच्ची होती, परत माती झाली. बाईंना ती सोय नव्हती.