शब्दचर्चा : 'ट्रिपल थेरपी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूवरच्या उपचाराबद्दल रुग्णांसाठी एक पान लिहायचं आहे. 'ड्रग कॉम्बिनेशन'ला 'औषध-संयुग' चालेल? आणि ट्रिपल, क्वाड्रुपल, सिक्वेन्शियल यांना?

खलबत्ता : संयुग नको. पाणी हे संयुग. इथे औषधांची एकमेकांशी रासायनिक क्रिया होत नाही. 'मिश्रण'ही नको, बाटलीतलं पातळ औषध डोळ्यांपुढे येतं. 'तिहेरी उपचार' सरळ आहे : आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल ४० मिग्रॅ, आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ व अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम ही दोन अँटिबायोटिक, तिन्ही दिवसातून दोनदा, १४ दिवस. चौघांसाठी 'चौहेरी'. 'चौपदरी' म्हटलं की रस्ताच आठवतो.

मात्रा : नुसतं 'चौहेरी' धोक्याचं. वरच्या तिघांत मेट्रोनिडाझोल हे आणखी एक अँटिबायोटिक घातलं तरी चारच होतात, आणि बिस्मथ, टेट्रासायक्लिन ५०० मिग्रॅ चारदा, मेट्रोनिडाझोल, पँटोप्राझोल हेही चारच. दुसऱ्यात क्लॅरिथ्रोमायसिन नाही, सगळा फरक तिथेच. म्हणून 'बिस्मथसह चौहेरी' असं पूर्ण लिहा. सिक्वेन्शियलला 'क्रमवार' : पहिले ५ दिवस पँटोप्राझोल-अमॉक्सिसिलिन, पुढचे ५ दिवस पँटोप्राझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि टिनिडाझोल.

प्रश्न : 'रेझिस्टन्स'ला प्रतिकार?

मात्रा : प्रतिकार रुग्णाचा, रोगप्रतिकारशक्तीतला. जंतूचा तो 'प्रतिरोध'. पण पानावर 'जंतू औषधाला दाद देत नाही' असंच लिहा, घराघरात कळतं. 'शरीराला औषधाची सवय झाली' हे साफ चूक. बदललेला असतो तो जंतू. जिथे १५ टक्क्यांहून जास्त जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाहीत, तिथे तिहेरी उपचार डोळे झाकून लिहायचा नसतो.

खलबत्ता : 'इरॅडिकेशन'ला निर्मूलन नको. निर्मूलन देवीचं झालं, साऱ्या जगातून. एका पोटापुरतं 'उच्चाटन' पुरे. आणि 'बरं वाटलं' म्हणजे उच्चाटन नव्हे. श्वासाची चाचणी अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, पँटोप्राझोल २ आठवडे बंद ठेवून. नाहीतर दबलेला जंतू चाचणीत सापडत नाही आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो.

सुंठ : माझं भांडण अशा पानांवरच्या 'अनशापोटी'शी आहे. तो शब्द सकाळचाच, त्यामुळे पँटोप्राझोलची संध्याकाळची गोळी राहते. मग जठरातलं आम्ल पुरेसं उतरत नाही आणि अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन दोन्ही मंदावतात. 'दोन्ही जेवणांआधी अर्धा तास' लिहा. टेट्रासायक्लिनपुढे 'दुधाबरोबर नको' हवंच. कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, औषध आतड्यातून शोषलंच जात नाही.

मात्रा : आणि बिस्मथपुढे 'शौचाला काळी होईल' एवढंच लिहून थांबू नका. बिस्मथची काळी असते, पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते. तशी झाली तर रक्तस्राव समजून लगेच डॉक्टरकडे. 'काळी' आणि 'डांबरासारखी' हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी छापा.