अनुभव धागा: सिस्टर, परत पहिल्यापासून

सात वर्षांनी वॉर्डात उभी राहिले. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, मग लग्न, दोन लेकरं, आणि आता परभणीत नोकरी. पहिल्याच रात्रपाळीत डॉक्टर म्हणाले, "५०० एमएल सलाइन आठ तासांत जाऊ द्या." सूत्र तोंडपाठ होतं, पण सेट (सलाइनची नळी) एका एमएलला २० थेंबांचा की ६० चा, हे पाकिटावर बघायचं असतं तेच विसरले होते. २० चा असेल तर मिनिटाला २१ थेंब, ६० चा, म्हणजे मायक्रो, असेल तर ६३. केवढा फरक! तेव्हापासून जुनी वही उशाशी आहे. तुमचं काय निसटलं होतं? लिहा, लाजू नका.

बीड जिल्हा, स्टाफ नर्स
माझं साप चावलेल्या पेशंटचं. कापसाच्या रानातून रात्री एकाला आणलं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायची होती. मी धुऊन ठेवलेली काचेची नळी घेतली, २ एमएल रक्त टाकलं आणि दर दोन मिनिटांनी तिरपी करून बघत बसले. नातेवाईक डोक्यावर उभे, "बाई, इंजेक्शन द्या ना लवकर." वीस मिनिटांनीही रक्त पातळच, म्हणजे विष चढलंय असं वाटलं. मी डॉक्टरांना सांगायला निघाले, तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी अडवलं. "नळी कशानं धुतलीस?" साबणानं. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही. नळी काचेची, नवी, कोरडी हवी. वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच तिरपी करायची. दुसऱ्या नळीत गोळा नीट झाला. विनाकारण प्रतिविष गेलं असतं, आणि त्याची रिॲक्शन काय असते हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत.

मी सुटकेचा श्वास टाकला, तर सिस्टर म्हणाल्या, "आता त्याच्या पापण्या बघ." मण्यार चावली तरी रक्त नीटच गोठतं, पण पापण्या जड होऊन खाली येतात. ती रात्र मी त्याच्या पापण्यांकडं बघत काढली. सकाळी तो चहा मागायला लागला.

हिंगोलीकडची एएनएम (गावपातळीवरची नर्स)
लेकराचा श्वास मी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे. चुकतं. लेकरू शांत असताना, आईच्या मांडीवर, पूर्ण मिनिट मोजायचं. दोन महिन्यांपुढं वर्षाच्या आत ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. तांड्यावर एक आजी चिडल्या, "लेकरू आजारी हाय अन् बाई मोबाइल बघायलीय!" मी घड्याळ बघत होते हो.

लातूर, ब्रदर
बीपी. बाहीवरून पट्टा बांधायची सवय लागली होती. शिवाय जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा वर जातो. बस, एवढंच.

निवृत्त ट्यूटर, नांदेड
वही उशाशी ठेवून हात वळत नाही, बाळ. बाळंतपणानंतर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (जास्त रक्तस्राव टाळायचं इंजेक्शन) १० युनिट, हे सगळ्याच मुली लिहितात. आधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना हे बघायचं, ते मात्र डमीवर दहादा केल्यावरच हातात बसतं. आणि करताना प्रत्येक पायरी मोठ्यानं बोला.

धागाकर्ती
मॅडम, डमी नाही आमच्याकडं. कालपासून उशीवर करतेय. धाकटी विचारते, "आई, उशीला बाळ झालं का?"