साक्ष देणे आणि ग्वाही देणे

'साक्ष देणे' आणि 'ग्वाही देणे' हे प्रयोग समानार्थी आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर मुळापुरते 'होय' आणि आजच्या वापरापुरते 'नाही' असे द्यावे लागेल.

'साक्ष' या शब्दाच्या मुळाशी डोळा आहे. 'अक्ष' म्हणजे डोळा, त्यावरून 'साक्षात्' म्हणजे डोळ्यांदेखत, आणि अशा रीतीने प्रत्यक्ष पाहणारा तो 'साक्षी', हे रूप पाणिनीने 'साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्' (5.2.91) या सूत्राने सिद्ध केले आहे. ('साक्षर'शी याचा काही संबंध नाही, तेथे स + अक्षर अशी फोड आहे.) आपण मराठीत त्याला फारसी '-दार' जोडून 'साक्षीदार' केला आणि तोच रूढ झाला. 1872 च्या पुरावा अधिनियमातील कलम 60 नेही तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्यानेच सांगावे, असाच दंडक घातला होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. नावात 'साक्ष्य' आले म्हणून मराठी बातमीत 'साक्ष्ये गोळा केली' असे लिहिणे मात्र मला खटकते, कारण मराठीत गोळा होतो तो पुरावा. साक्ष नोंदवली जाते, आणि साक्षीदार फितूर झाला की ती फिरवलीही जाते.

'ग्वाही' फारसी 'गवाही'वरून आली. पुण्याजवळच्या देहूचे तुकोबा 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता' असे म्हणतात, तेव्हा 'ग्वाही'चा अर्थ साक्षीदार असाच आहे: खऱ्याखोट्याच्या निवाड्यात त्यांनी स्वतःच्या मनाला साक्षीला उभे केले, चारचौघांच्या मताला नाही. आज मात्र 'यंदा पाणीकपात होणार नाही, अशी ग्वाही पालकमंत्र्यांनी दिली' हे वाक्य कोणालाही सहज समजते, आणि त्यात 'साक्ष' घालून पाहिली तर वाक्यच मोडते. साक्ष घडून गेलेल्या गोष्टीची असते. ग्वाही बहुधा पुढच्या गोष्टीची, म्हणजे जवळपास हमीच. आपला शब्द पणाला लावणे दोन्हींत समान असल्यामुळे हे अर्थांतर झाले असावे, असे माझे मत आहे. 'इतिहास ग्वाही देतो' अशा ठरीव वाक्यांत जुना अर्थ अजून टिकून आहे.

क्रियापद बदलले की कर्ताही बदलतो, हे विशेष लक्षात घ्यावे. साक्ष देतो तो साक्षीदार. साक्ष काढतो तो आपला खरेपणा ठरवण्यासाठी दुसऱ्याला पुढे करणारा ('उगाच देवाची साक्ष काढू नकोस'). आणि साक्ष पटते ती ऐकणाऱ्याला किंवा अनुभव घेणाऱ्याला.

निर्जीव वस्तूंनी साक्ष देण्यास हरकत नाही. 'शनिवारवाडा पेशव्यांच्या वैभवाची साक्ष देतो' हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत, पण 1828 च्या आगीत आतल्या इमारती जळून गेल्यावर जी जोती उरली, ती वैभवापेक्षा त्या आगीचीच साक्ष अधिक देतात, असे म्हणणे नेमके ठरेल.

राहिला 'साक्षांकित'. मूळ कागद पाहून नकलेवर सही करणारा अधिकारी या अर्थाने खरोखरच साक्षी असतो. अर्जांतल्या 'स्वयंसाक्षांकित प्रती'त मात्र अर्जदार आपणच आपला साक्षीदार होतो, आणि सरकारी कामकाजात ते आता चालते.