बॅबिलॉन ५ आता, इतक्या वर्षांनी, बघावी का?

लोकोशेड_भुसावळ

राम राम मंडळी.

रेल्वेतून रिटायर आहे, इलेक्ट्रिक लोको शेडला फिटर होतो. मे महिन्यातलं भुसावळ, म्हणजे सकाळी दहानंतर बाहेर पाय टाकायची सोय नाही. कूलरमध्ये पाणी ओतायचं, पडदे ओढायचे आणि दिवस ढकलायचा. भाचा पुण्याला नोकरीला लागला, जाताना डीव्हीडींचा खोका माझ्याकडे टाकून गेला. बॅबिलॉन ५, अंतराळातल्या स्टेशनवरची जुनी अमेरिकन मालिका, पाचही सीझन. "मामा, दुसरं काही नका बघू, एवढं बघा."

पहिली डिस्क झाली बघून. खरं सांगू? मन लागेना भो. कमांडर सिंक्लेअर ताठ उभा राहून बोलतो, हात कुठे ठेवावे ते त्याला कळत नाही असं वाटतं. बाहेरची यानं जुन्या कॉम्प्युटर गेममधली दिसतात. आणि एक चमत्कारिक गोष्ट, माणसं बोलत असली की चित्र स्वच्छ, यान आलं की चित्र एकदम मऊ पडतं. आधी वाटलं माझा प्लेअरच गेला. लोंडो नावाचा एक राजदूत आहे, त्याच्या डोक्यावर केसांची उभी कमान. सौ. दारातून बघून म्हणाली, "याला सकाळी तयार व्हायला किती वेळ लागत असेल?" आणि गेली पापड लाटायला.

एक मात्र आवडलं, स्टेशनचा कारभार. माल उतरतो, कागदपत्रं तपासतात, कोणाचं कोणाशी पटत नाही तरी सगळ्यांना थांबायचं तिथेच. रात्री दोनला आमच्या जंक्शनच्या पुलावर उभं राहिलं तर खाली हेच दिसतं, कोणी सुरतेचा, कोणी नागपूरचा, कोणी पार बिहारचा, एकमेकांच्या ट्रंकांवर पाय देत.

हिशोब करून पाहिला. ११० भाग, एक भाग सुमारे ४३ मिनिटांचा, म्हणजे जवळपास ७९ तास. भाचा म्हणतो दुसऱ्या सीझनला रंगते. अरे, मग पहिले बावीस भाग काय नुसतं रंगायची वाट बघायची? ज्यांनी पूर्ण बघितली त्यांनी सांगा, पुढे जाऊ की खोका माळ्यावर टाकू? आणि किती भागांनंतर ठरवावं?

धुळे_पाचकंदील

भाऊ, कसाले देखस? त्याच काळातली, स्पेस स्टेशनवरचीच डीप स्पेस नाइन बघा. १९९३ ते ९९, सात सीझन, १७६ भाग. अभिनय कितीतरी उजवा. बॅबिलॉनवाले नुसती भाषणं ठोकतात.

अमळनेरकरीण

काका, बघा. धुळेकरांचं मनावर घेऊ नका, त्यांना ७९ तास जड वाटतात म्हणून १७६ भाग सुचवून राहिले.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, म्हणून आधी माझ्या विषयाचं बोलते. ते स्टेशन पाच मैल लांबीचं नळकांडं आहे, स्वतःभोवती फिरतं आणि त्या फिरण्यातून आतल्यांना वजन मिळतं. ही गोष्ट मालिका विसरत नाही. स्टारफ्युरी नावाची छोटी लढाऊ यानं स्टेशनमधून बाहेर पडतात ना, तेव्हा नीट बघा, ती उडत नाहीत, सोडून दिली जातात. स्टेशन फिरतंय, पकड सुटली की यान आपोआप बाहेर फेकलं जातं. लढताना ती पुढे जात असतानाच तोंड मागे फिरवून गोळ्या झाडतात, कारण वळलं म्हणून वेग कुठे जात नाही. वर्तुळाकार गती शिकवताना मी हाच प्रसंग सांगते. चित्र जुनं आहे, कबूल. पण गणित जुनं होत नाही.

आता तुमच्या बावीस भागांबद्दल. पाच वर्षांची एक कादंबरी असावी तशी ही गोष्ट जे. मायकेल स्ट्राझिन्स्कीने आधीच आखली होती. ११० पैकी ९२ भाग त्याने एकट्याने लिहिले, तिसरा आणि चौथा सीझन तर पूर्ण त्याचाच. आज प्रत्येक मालिका एक लांब गोष्ट सांगते, पण १९९४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर आज सुरू झालेलं आज संपायचं. त्यामुळे पहिल्या सीझनला दोन कामं पडली, दर भागात काहीतरी मिटवायचं आणि पुढचं पेरून ठेवायचं. मिटवलेलं बरंचसं सामान्य आहे. पेरलेलं फार चांगलं आहे, फक्त ते तेव्हा कळत नाही.

तुम्ही पहिला भाग पाहिलाय. त्यात हल्ला कोणी केला? नार्न लोकांनी, सेंटॉरींच्या, म्हणजे लोंडोच्या लोकांच्या, शेतीवाल्या वसाहतीवर. नार्नांचा राजदूत ग'कार तेव्हा मिशीतल्या मिशीत हसतो (मिशी नाही त्याला, पण असती तर), आणि तुमचा केसांच्या कमानीचा लोंडो हतबल. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला. कारण ही मालिका खरी त्या दोघांची आहे. लोंडोच्या साम्राज्याचं वैभव गेलंय, बायका तीन, कर्ज भरपूर, जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत दारू पितो. असा माणूस आपल्या सगळ्यांच्या भावकीत असतो, आपण त्याला हसतो. मग एक दिवस एक सभ्य, हसतमुख गृहस्थ येऊन त्याला एवढंच विचारतो, "तुम्हाला काय हवंय?" लोंडो मनापासून उत्तर देतो. पुढची चार वर्षं त्या उत्तराची आहेत.

दुसऱ्या सीझनचा नववा भाग, द कमिंग ऑफ शॅडोज. याला विज्ञानकथांसाठीचा १९९६ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. गोष्ट फोडत नाही, फक्त एक मिनिट सांगते. ग'कार आनंदात बारमध्ये येतो, आयुष्यभराच्या शत्रूला स्वतःच्या पैशाने पेय पाजतो, हात पुढे करतो. लोंडोला त्या क्षणी एक गोष्ट माहीत आहे जी ग'कारला नाही. पीटर जुरासिक, म्हणजे लोंडो, काही बोलत नाही. पेला धरून नुसता उभा राहतो आणि चेहऱ्यावर हसू टिकवायला बघतो. ते केस तेव्हा कोणाला दिसतच नाहीत. काकूंना त्या भागाला बोलावून घ्या, पापड राहू द्या.

सिंक्लेअरबद्दल थोडं हळू घ्या. तो ताठ आहे खरा. पण ते काम करणारे नट मायकेल ओ'हेअर त्या काळात गंभीर मानसिक आजाराशी झगडत होते. उपचारांसाठी शूटिंग थांबवू, असं स्ट्राझिन्स्की म्हणाला, तर ओ'हेअर म्हणाले, नको, इतक्या लोकांचं काम जाईल. कसाबसा सीझन पूर्ण केला आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या सीझनपासून कमांड शेरिडनकडे का गेली, याचं खरं कारण कित्येक वर्षं बाहेर आलं नाही. २०१२ मध्ये ओ'हेअर वारले, त्यानंतर २०१३ मध्ये स्ट्राझिन्स्कीने, त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे, ते सांगितलं. हे कळल्यावर तो ताठपणा मला वेगळाच दिसायला लागला. तिसऱ्या सीझनमध्ये ते दोन भागांपुरते परत येतात आणि सिंक्लेअरची गोष्ट जिथे पोचते ती जागा... असो.

वाईटही सांगते. विनोद पुष्कळदा पडतात. पहिल्या सीझनमधले दोन-तीन भाग भाजी निवडत बघितले तरी चालतील. आणि पाचवा सीझन पहिल्या अर्ध्यात रखडतो. त्याला कारण आहे, चौथ्यानंतर मालिका बंद पडणार अशी भीती होती, म्हणून मोठ्या लढाया चौथ्यातच उरकून घेतल्या. मग ऐनवेळी टीएनटी वाहिनीने पाचवं वर्ष दिलं, पण गोष्ट उरली होती थोडी. शेवटचा भाग तर चौथ्याच्या वेळीच चित्रित करून ठेवला होता, तो राखून पाचव्याच्या शेवटी दाखवला.

ठरवायला तुम्हाला एक भाग देते, तुमच्यासाठीच आहे. पहिला सीझन, भाग बारा, बाय एनी मीन्स नेसेसरी. डॉक कामगारांचा संप. रेल्वेवाल्या माणसाने बघावाच. त्यातच ग'कारची एक धडपड आहे, त्याच्या धर्मविधीला एक रोपटं हवं असतं आणि ते नेमकं लोंडोकडे असतं. विधीची वेळ टळून जाते. मग सिंक्लेअर त्यातून जी वाट काढतो, ती प्रकाशाच्या वेगाची आहे. मी वर्गात सांगितली तर मागच्या बाकावरच्या पोरानेही मान वर केली होती.

रावेरचा_केळीवाला

ताईंनी फारच कौतुक केलं. मी तिसऱ्या सीझनच्या मध्यावर सोडली. शेरिडन उठसूट भाषण देतो, समोरचे ऐकत उभे राहतात, मागे संगीत चढतं. माणसं असं बोलत नाहीत. आणि सगळ्यांनाच आपण इतिहासात आहोत हे आधीपासून ठाऊक असल्यासारखं वागणं. लोंडो-ग'कार सोडले तर मला कोणाचं काय होतं याची पर्वा वाटेना.

पण भाग बाराच्या जोडीला आठवाही बघून घ्या, अँड द स्काय फुल ऑफ स्टार्स. सिंक्लेअरच्या आठवणीतले चोवीस तास गायब आहेत, त्यांची गोष्ट. हे दोन बघूनही हात पुढच्या डिस्ककडे जात नसेल तर खोका माळ्यावर. ७९ तासांत ठिबकच्या नळ्या धुऊन होतील.

शहादेकर

काका, प्लेअर ठीक आहे तुमचा. चित्र मऊ पडतं ते डीव्हीडीतच तसं आहे.

माणसांची दृश्यं फिल्मवर चित्रित झाली, रुंद पडद्यासाठी जागा सोडून. पण यानं, स्फोट, स्टेशन, हे सगळं कॉम्प्युटरवर बनलं ते जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं. डीव्हीडी रुंद पडद्याची काढताना ही कॉम्प्युटरची दृश्यं वरून-खालून कापून ताणली. ज्या दृश्यात खरा नट आणि मागे कॉम्प्युटरचं चित्र एकत्र आहे तिथे तर नटही मऊ पडतो. २०२१ मध्ये नवी आवृत्ती केली तेव्हा फिल्म पुन्हा स्कॅन केली आणि सगळं परत चौकोनी मापात ठेवलं. २०२३ मध्ये त्याच चौकोनी मापाची ब्ल्यू-रे आली. ती डीव्हीडीपेक्षा खूपच बरी, पण त्यासाठी नवा खर्च करू नका, गोष्ट तीच आहे.

आणि गेमसारखं दिसतं म्हणता ते बरोबर, पण १९९३ चं साल धरा. सुरुवातीची यानं अमिगा कॉम्प्युटर आणि व्हिडिओ टोस्टर नावाचं कार्ड वापरून केली. बाकीचे त्या वेळी यानांची लहान मॉडेल बनवून कॅमेरा फिरवत होते. पायलटला, म्हणजे मालिकेआधीच्या नमुन्याच्या सिनेमाला, दृश्य परिणामांसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला होता.

धुळे_पाचकंदील

हे पण सांगा ना, की स्ट्राझिन्स्कीने आपली कल्पना आधी पॅरामाउंट स्टुडिओला दाखवली होती आणि मग त्यांची डीप स्पेस नाइन आली. यावरून दोन्हीकडचे चाहते अजून भांडतात. मी म्हणतो भांडा, पण त्यातला कमांडर सिस्को बघून भांडा.

लोकोशेड_भुसावळ

भाग बारा बघितला. सौ. पण बसली, अर्ध्यातून.

डॉकवर अपघातात माणूस मरतो, कामगार जास्त माणसं आणि धड यंत्रं मागतात, वरून वाटाघाटीला पाठवलेला साहेब येतो आणि वाटाघाट सोडून बाकी सगळं करतो. तो साहेब अगदी अस्सल. बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतो. कामगारांची पुढारी बाई पण बरोबर घेतलीय, ती ओरडत नाही, दमलेली आहे. संपात पुढारी दमलेलाच असतो. माझे वडील ७४ च्या रेल्वे संपात होते, त्यांच्या तोंडून हे सगळं ऐकलंय.

फक्त मिटला फार लवकर. सिंक्लेअर कायद्यातलं "वाटेल तो मार्ग" हे कलम साहेबाला वाचायला लावतो आणि त्याच कलमाने कामगारांना पैसे देतो. डोकं चालवलं भो, टाळी दिली मी. पण ७४ चा संप ८ मेला सुरू झाला, वीस दिवस चालला आणि मागण्या पदरात न पडता मागे घ्यावा लागला. तिथे कोणाला असं कलम सापडलं नाही.

प्रकाशाची वाट पण समजली. किती वर्षांपूर्वी त्या डोंगरावरून निघालेला उजेड आता इथे पोचतोय, म्हणजे विधीची वेळ अजून गेलेली नाही. सौ. म्हणाली, हे बरं आहे, आमची संकष्टी चुकली तर असं काढता येईल का.

आठवा अजून बघायचा आहे. ताई, एक विचारायचं. शहादेकर पायलटचं म्हणाले, तो या खोक्यात नाही. पहिल्या सीझनच्या डिस्कवर थेट पहिला भागच आहे. पायलट नसेल तर अडतं का? भाच्याने फोनवर आणखी एक सिनेमा सांगितला, मालिकेच्या आधी झालेल्या युद्धाची गोष्ट, तो म्हणे काळाने सगळ्यात पहिला. तो आधी बघू का?

अमळनेरकरीण

तो मुळीच आधी बघू नका काका. इन द बिगिनिंग म्हणतात त्याला, १९९८ चा आहे. गोष्ट काळाने आधीची, पण लिहिली शेवटाकडे. पहिल्या तीन सीझनमध्ये जे हळूहळू उलगडतं ते सगळं त्यात दीड तासात सांगून टाकलंय. रावेरच्या भाऊंनी सुचवलेल्या आठव्या भागाची तर हवाच निघून जाईल. चौथा सीझन झाल्यावर बघा.

पायलट म्हणजे द गॅदरिंग, १९९३ चा. खोक्यात नसतोच, डीव्हीडीवर तो वेगळा निघाला होता. न बघता अडत नाही. त्यातले डॉक्टर आणि टेलिपाथ, म्हणजे मनातलं वाचणारी बाई, मालिकेत बदलले आहेत, राजदूत डेलेनचा चेहराही निराळा आहे. मिळाला तर पहिला सीझन संपल्यावर बघा, तेव्हा त्यातल्या राजदूत कोशवरच्या विषप्रयोगाचा अर्थ जास्त लागेल.

आठवा बघताना मधे उठू नका. कूलरचं पाणी आधी भरून घ्या.