‘ठराव’ म्हणजे कायदा नव्हे : कायदेकौन्सिलच्या कामकाजातले शब्द

प्रश्न : लेकीची इतिहासाची वही चाळत होतो. एका पानावर ‘बोले यांनी कायदा करून पाणवठे सर्वांना खुले केले’ असं वाक्य, आणि दोन पानं पुढे ‘बोले ठराव’. कायदा आणि ठराव एकच का? जुन्या मुंबई कौन्सिलच्या इंग्रजी अहवालांत बिल, मोशन, रेझोल्युशन असे तीन वेगवेगळे शब्द दिसतात. मराठीत आपण तिन्हींना सरसकट ‘प्रस्ताव’ म्हणून मोकळे होतो. कुणी नीट उलगडून सांगेल का?

उत्तर : वहीतलं पहिलं वाक्य खोडायला सांगा. बोल्यांनी कायदा केला नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने, आपले सभासद सीताराम केशव बोले यांचा ठराव (इंग्रजीतलं रेझोल्युशन ते हेच) मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. त्यातलं मुख्य क्रियापद मात्र ‘शिफारस करणे’ हे आहे. कौन्सिल सरकारला शिफारस करतं, बस्स एवढंच.

घोटाळा होतो तो आपल्या मराठी कानामुळे. ‘ठराव’ आला ‘ठरणे’पासून. ठरलं म्हणजे ठरलं! माझे वडील ग्रामपंचायतीत कारकून होते, त्यामुळे लहानपणापासून ते प्रोसिडिंग बुक मी पाहत आलो आहे. विषय क्रमांक, खाली ‘चर्चा करण्यात आली व असे ठरले की…’, मग सूचक, अनुमोदक, आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. पंचायतीने दिवाबत्तीचा ठराव केला की दिवे लावायचं काम पंचायतीचंच. म्हणजे ठरवणारा आणि करणारा एकच. कायदेकौन्सिलात हे दोघे वेगळे होते. ठरवायचं सभासदांनी, करायचं की नाही ते सरकारने बघायचं. शब्द तोच, पण त्यामागचा अधिकार गेलेला. ही गोष्ट मुलांना सांगितल्याशिवाय महाडचा सत्याग्रह का करावा लागला हे कळूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढे काय झालं ते बघा. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने परिपत्रक काढून खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करायला सांगितलं. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपला ठराव करून चवदार तळं खुलं केलं. म्हणजे कौन्सिलचा ठराव, सरकारचं परिपत्रक, नगरपालिकेचा ठराव, असे तीन कागद झाले, तरी तळ्याच्या पायरीवर कुणा अस्पृश्याला उतरता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी घेतलं, प्यायले. त्यानंतर त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पुन्हा वाचा. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. ठराव हा दुसऱ्या ठरावाने पुसता येतो. तळ्याचा वाद त्यानंतर कोर्टात चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

आणखी एक. ठराव मांडण्याचा हक्कच कौन्सिलांना उशिरा मिळाला. १८६२ मध्ये मुंबईत कौन्सिल भरू लागलं तेव्हा सरकारने पुढे ठेवलेल्या कायद्यांपलीकडे फारसं काही बोलता येत नसे. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, पण त्यावर मत देता येत नव्हतं. ठराव आले ते १९०९ च्या सुधारणांनंतर.

दुसरे एक वाचक : मग ‘विधेयक’ कुठे बसतं? आणि त्या काळी हा शब्द वापरत होते का?

उत्तर : सर्रास ‘बिल’च म्हणत. ‘कायदेकौन्सिलात बिल आणलं’ हे तेव्हाचं सरळ मराठी. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. ठरावाला एकदा मत पडलं की संपलं, विधेयकाला मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. आधी मांडायची परवानगी, मग पहिलं वाचन, त्यात नुसत्या तत्त्वावर चर्चा. पुढे सिलेक्ट कमिटी, जिला आज आपण चिकित्सा समिती म्हणतो. मग एकेक कलम घेऊन दुसरं वाचन, दुरुस्त्या, तिसरं वाचन. एवढं होऊनही १९१९ च्या व्यवस्थेत आधी गव्हर्नरची आणि नंतर गव्हर्नर जनरलची संमती लागे. ती मिळाली की विधेयकाचा कायदा होई. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी महार वतनासंबंधी, म्हणजे महारांच्या वंशपरंपरागत गावकामाच्या हक्कासंबंधी, आणलेलं ते विधेयक होतं, ठराव नव्हे. १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा बदलायचा होता, आणि कायदा बदलायला कायदाच लागतो, शिफारस पुरत नाही. ते विधेयक सिलेक्ट कमिटीपर्यंत गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

तिसऱ्या एक वाचक : मोशनला मराठीत काय म्हणावं? मी ‘प्रस्ताव’ लिहिते, संपादक ‘सूचना’ करतात.

उत्तर : दोन्ही रूढ आहेत. कपात सूचना, तहकुबी सूचना म्हणताना ‘सूचना’च कानाला बरी लागते, अविश्वासाचा मात्र ‘प्रस्ताव’च. सभागृहाने काहीतरी करावं म्हणून सभासद जे मांडतो ते मोशन. ठराव हा त्यातलाच एक प्रकार, आणि विधेयकाची प्रत्येक पायरीही मोशननेच चढायची असते. गोखल्यांचं उदाहरण घ्या. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ, म्हणजे अखिल हिंदुस्थानच्या, कायदेकौन्सिलात मांडलं. पुढच्या मार्चमध्ये त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि १९ तारखेला ते पडलं, असं आपण लिहितो. मत पडलं ते कशावर? हे विधेयक सिलेक्ट कमिटीकडे पाठवावं, एवढ्याच सूचनेवर. बाजूने १३, विरुद्ध ३८. एकाही कलमाची छाननी होऊ न देता विधेयक दारातच अडवलं. ‘विधेयक नामंजूर’ असं लिहून मोकळं झालं की हे दुःख दिसत नाही. म्हणून मी अशा ठिकाणी ‘चिकित्सा समितीकडे पाठवण्याची सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली’ असं पूर्ण लिहितो. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

मूळ प्रश्नकर्ते : मग वहीत नेमकं काय लिहायला सांगू?

उत्तर : असं सांगा : ‘४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेकौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत अशी शिफारस करणारा बोले यांचा ठराव मंजूर केला.’ आणि पुढच्या ओळीत २० मार्च १९२७ लिहायला विसरू नका म्हणावं.