मोठा लाकडी कॅमेरा घ्यायचाय, बजेट १५ हजार

मुरारजी_पेठ: ४×५ इंची निगेटिव्ह काढून सायनोटाइप (उन्हात उमटणारे निळे फोटो) करायचेत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी. लेन्ससकट १५ हजार. काय घेऊ?

खटका_बटण: १५ हजारात नुसती लेन्स येईल. थोडं थांबा, पैसे साठवा आणि जर्मन मोनोरेल (एका दांड्यावर सरकणारा कॅमेरा) घ्या. मी घेतला, बायको अजून बोलते, पण पस्तावलो नाही.

मुरारजी_पेठ: बजेट १५च आहे.

काळी_बोटं: सायनोटाइप म्हणजे शाळकरी खेळ. काचेवर कोलोडियन (चिकट रसायन, ओलं असतानाच फोटो काढायचा) करा! एप्रिलात गच्चीवर करायला गेलो तर प्लेट कॅमेऱ्यात जायच्या आत वाळली. सिल्व्हर नायट्रेटनं बोटं अशी काळी झाली की भाचीच्या हळदीला मला लांबच बसवलं.

निळीची_पुडी: एप्रिलात, गच्चीवर, कोलोडियनमधलं इथर? घर पेटवाल. आणि शाळकरी खेळ कसला? इंग्रज शास्त्रज्ञ हर्शेलनं सायनोटाइप १८४२ला काढला, आर्चरचं कोलोडियन १८५१चं. धागाकर्ते, आधी कॅमेराच नको. मोबाइलमधला फोटो निगेटिव्ह करून ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) छापा, रसायन लावलेल्या कागदावर ठेवून वर काच दाबा, उन्हात धरा. ऊन आपल्याकडे फुकट.

बोअरवाला: माझं निळं धुतानाच उडालं. बोअरच्या पाण्यात क्षार. पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत टाका, मग टिकतं.

काळी_बोटं: नळाचं वापरा की.

बोअरवाला: नळाला चार दिवसांनी येतं, साहेब.

जुळे_सोलापूरकर: तुमच्याकडे चार? आमच्याकडे पाच.

खटका_बटण: ओएचपी शीट वापरून बघा, स्वस्त पडेल.

निळीची_पुडी: तेच तर वर लिहिलंय.

मामांचा_स्टुडिओ: जुना वागीश्वरी कॅमेरा मिळाला तर बघा, केरळात आलप्पुळाला बनायचे. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या घडीदार भात्याच्या आत बल्ब धरा, भोकं चांदण्यासारखी दिसतात. माझ्याला सतरा निघाली. फिल्म महाग वाटली तर एक्सरे फिल्म घ्या, लाल दिव्यात कापता येते. मात्र तिला बहुतेक दोन्ही बाजूंनी इमल्शन (फोटो उमटतो तो थर) असतं, ट्रेमध्ये घासली की ओरखडे. तळाला काच ठेवा.

मुरारजी_पेठ: सगळ्यांचे आभार. काल जुन्या बाजारात ८×१०चा लाकडी कॅमेरा दिसला, साडेतेरा हजारांत उचलला. लेन्स नाही. घरी आणून बल्ब लावला, सतराच्या पुढं मोजणं सोडून दिलं. काळी चिकटपट्टी कुठली चांगली?