घाटात पाऊस-धुक्यात रडारची वॉर्निंग येते, मदत हवी आहे

कोल्हापूरहून गगनबावडामार्गे वैभववाडीला नेहमी जावं लागतं. घाटात जोराचा पाऊस किंवा दाट धुकं लागलं की गाडीच्या डॅशबोर्डवर 'फ्रंट रडार ब्लॉक्ड' (म्हणजे समोरचं वाहन ओळखणारा पुढचा सेन्सर झाकला गेलाय) येतं आणि ऑटो ब्रेकिंग व अॅडॅप्टिव्ह क्रूझ (समोरच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारी सोय) दोन्ही बंद पडतात. नेमकं जिथे समोरचा ट्रक दिसत नाही तिथेच! खाली उतरून पाऊस थांबला की वॉर्निंग आपोआप जाते. कोरड्या हायवेला कधीच येत नाही.

बंपरच्या खालच्या जाळीमागचं रडारचं कव्हर ओल्या फडक्याने पुसलं. ट्रकमागे गेलं की त्यावर लाल चिखलाचा थर बसतो. तो काढल्यावर थोडा वेळ बरं, मग परत तेच. कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ आहे, वायपर नवे आहेत, डीफॉगर चालू असतो. बंपरला धक्का नाही, बाहेरून गार्ड बसवलेला नाही, काच मूळचीच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "पावसात होतंच." गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे बाहेर काही उघडायचं नाही.

कव्हरवर पाणी टिकू नये म्हणून कोटिंग लावलं तर रडारला अडथळा होतो का? आणि ही वॉर्निंग असताना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) व ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) नेहमीसारखं चालतं, हे खात्रीने कसं तपासायचं?